दुतोंड्या मारुती आणि मिड शॉट

चौदा वर्षं झाली, मी लग्नाचे व्हिडिओ काढतो. गेल्या रविवारी भाचा आला. "मामा, शॉर्टफिल्म करायचीये, मोबाईलवरच." वहीत शॉटची नावं लिहून आणली होती, दीडेक पान. नावं तोंडपाठ, पण मिड शॉट कुठे संपतो आणि क्लोजअप कुठे सुरू होतो विचारलं तर गप्प.

सकाळी सहालाच त्याला गोदाघाटावर नेलं आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीसमोर उभं केलं. आपल्या नाशिकला पुराचं माप सांगायला फूट-मीटर लागत नाहीत. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, एवढं म्हटलं की घाटाजवळच्या सराफ बाजारात काय ते समजतात. म्हटलं, शॉटचं मापही हेच. फ्रेमची खालची कड म्हणजे पाणी. पाय कोरडे आणि भोवती घाट दिसतोय, तो लाँग शॉट. कमरेशी आलं की मिड. छातीला लागलं की मिड क्लोजअप, खांदे बुडाले की क्लोजअप. नुसते डोळे उरले तर एक्स्ट्रीम क्लोजअप, आणि तो सारखा सारखा वापरलास तर प्रेक्षकाचा जीव गुदमरतो.

फक्त पाणी सांध्यावर थांबवू नकोस. बरोब्बर गुडघ्यावर किंवा मनगटावर फ्रेम कापली की अवयव तुटल्यासारखा वाटतो. थोडं वर घे, नाहीतर थोडं खाली. मारुतीला चालतं, माणसाला नाही.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, तेव्हा सगळीकडेच कॅमेरा बहुतेक एका जागी रोवलेला असायचा, नाटकाला पुढच्या रांगेत बसल्यासारखा. आज आमच्या लग्नांत ड्रोन फिरतो. मला तो आवडत नाही. वरून बघतंय कोण? घार?

पायऱ्यांवर एक आजी द्रोणातले दिवे विकत होत्या. त्यांना विचारून भाच्याने शूट सुरू केलं, उभ्या-उभ्या. स्क्रीनवर आजी एवढ्याशा, बिचाऱ्या दिसायला लागल्या. हाच हाय अँगल. त्याला म्हटलं, तुला त्या बिचाऱ्या दाखवायच्यात का? त्या तर मघाशी एका गिऱ्हाइकाला चांगल्या फैलावर घेत होत्या! मग तो खालच्या पायरीवर बसला, मोबाईल त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणला. आणखी दोन पायऱ्या उतरून वर बघत घेतलं तेव्हा त्याच आजी घाटाच्या मालकीणबाई दिसल्या. लो अँगल.

क्लोजअपसाठी तो मोबाईल पार त्यांच्या तोंडाशी घेऊन गेला. नाक बटाट्याएवढं. मोबाईलची साधी लेन्स वाइड असते आणि एवढ्या जवळून नाक कानांपेक्षा फारच पुढे येतं. चार पावलं मागे हो आणि मग टू-एक्स झूम लाव, बस्स.

लाईन क्रॉसचं मात्र मी त्याला माझ्याच फजितीवरून सांगितलं. धंद्यातलं माझं दुसरंच लग्न होतं. पाठवणीच्या वेळी नवरी आणि तिची आई समोरासमोर रडतायत. मी उत्साहात एकीचा शॉट मांडवाच्या बाजूने घेतला आणि पळत जाऊन दुसरीचा रस्त्याच्या बाजूने. एडिटिंगला बसलो तर दोघीही डावीकडेच बघतायत! जणू दोघींचा रिक्षावाला तिकडून येणार होता. दोन माणसांमध्ये मनातल्या मनात एक दोरी बांधायची, तीच लाईन, आणि कॅमेरा दोरीच्या एकाच बाजूला ठेवायचा, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तेवढा तुकडा काढून तिथे सनईवाल्याचा क्लोजअप टाकला. घरच्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या अजून आहे.

नऊच्या सुमाराला उन्हामुळे आजींच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडायला लागल्या, म्हणून आवरतं घेतलं. आजींनी मोबाईल हातात घेऊन सगळं नीट पाहिलं. पहिला, वरून घेतलेला शॉट आला तेव्हा म्हणाल्या, "ही कोण रे? ही काढून टाक."