ओवन जिंकला होता

मागच्या रविवारी सकाळपासून पाऊस झोडपत होता, सिंहगडावर जायचा बेत बारगळला, बायको आणि लेक चिंचवडला मावशीकडे गेलेल्या, मग मी चहाचा थर्मास भरून टीव्हीसमोर बसलो आणि रेसलमेनिया टेन, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीचा १९९४ चा सगळ्यात मोठा शो, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सलग बघितला. आयुष्यात पहिल्यांदा सलग.

लहानपणी हाच शो मी कमीत कमी तीस वेळा बघितला असेल, पण अर्धवट. आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतली कॅसेट होती, कॉपीची कॉपी, चेहरे पुसट, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटच्या मॅचला ब्रेट हार्ट योकोझुनाला दाबतो, रेफ्री एक दोन तीन मोजतो, की लगेच पट्टे यायचे आणि कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग सुरू व्हायचं, थेट सनई. लायब्ररीवाल्या काकांना आम्ही किती वेळा सांगितलं, ते म्हणायचे "अरे मॅच तर संपली ना, अजून काय पाहिजे तुम्हाला". आम्हालाही वाटायचं की संपली. ब्रेट जिंकला, विषय संपला.

आमच्या घरात ब्रेट म्हणजे दादा. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्यामुळे कोण कोण होणार हा प्रश्नच नव्हता, दादा ब्रेट आणि मी त्याचा धाकटा भाऊ ओवन. आईची कापसाची गादी खाली ओढायची, गणपतीच्या मखरातून उरलेला सोनेरी कागद पुठ्ठ्यावर चिकटवून बेल्ट केलेला, आणि मॅच दर वेळी एकाच पद्धतीनं संपायची, माझे दोन्ही पाय दादाच्या काखेत, म्हणजे ब्रेटचा हुकमी डाव शार्पशूटर, आणि मी गादीवर हात आपटतोय. ओवन आणि ब्रेटमध्ये आठ वर्षांचं अंतर, ब्रेट १९५७ चा आणि ओवन १९६५ चा, बारा भावंडांतलं शेंडेफळ. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर मी आईला जाऊन सांगितलं असतं की बघ, तिकडंपण हेच चाललंय.

तर शो. २० मार्च १९९४, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. १९८५ चा पहिला रेसलमेनिया इथंच झालेला म्हणून दहावा परत इथं. हल्ली मोठमोठ्या स्टेडियममध्ये असतो तसा नाही, अठरा हजाराच्या आसपास माणसं, वर छप्पर, आवाज सगळा आतल्या आत घुमतो. हल्क होगन कंपनी सोडून गेलेला, अंडरटेकर जानेवारीपासून गायब, म्हणजे ज्यांच्या नावावर आम्ही ट्रंप कार्डं जिंकायचो ते दोघंही या शोमध्ये नाहीत, आणि तरीही हा शो उभा राहतो याचं कारण पहिल्याच मॅचमध्ये आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. जानेवारीच्या रॉयल रंबल या शोमध्ये दोघे भाऊ टॅग टीमच्या, म्हणजे जोडीच्या बेल्टसाठी एकत्र लढले, ब्रेटचा पाय दुखावला, रेफ्रीनं मॅच थांबवली, ओवनला वाटलं ह्यानं मला टॅग द्यायला, म्हणजे हात लावून आत घ्यायला पाहिजे होतं, आणि त्यानं त्याच दुखऱ्या पायावर लाथ घातली. मग माईकवर रागात बोलताना शब्द अडखळले, "तुझ्या पायातून तुझा पाय काढला" असं काहीतरी निघून गेलं, लोक आजही ते वाक्य म्हणून दाखवतात. मला मात्र ते वाक्य खरं वाटतं, घरातल्या माणसावर चिडल्यावर शब्द असेच निघतात. त्याच शोच्या शेवटी रंबलची मॅच, सगळ्यांनी एकमेकांना दोरीवरून बाहेर फेकायचं, पाय जमिनीला लागले की बाद, त्यात शेवटचे उरलेले ब्रेट आणि लेक्स लुगर दोघांचे पाय एकदमच जमिनीला लागले, दोघंही विजेते ठरले, त्यामुळे दोघांनाही तेव्हाचा चॅम्पियन योकोझुनाविरुद्ध बेल्टची संधी, कोण आधी ते नाणं टाकून ठरलं, लुगर जिंकला. मग ब्रेटलापण त्या रात्री दोन मॅच पाहिजेत म्हणून पहिली मॅच सख्ख्या भावाशी.

वीस मिनिटांची मॅच आहे आणि त्यात एक मिनिट फुकट नाही. सुरुवातीला ओवन एक साधी पकड सोडवतो आणि दोन्ही हात वर करून बेल्ट जिंकल्यासारखा नाचतो, पुन्हा सोडवतो, पुन्हा हात वर. लहानपणी मला वाटायचं किती माजोरडा आहे हा. परवा बघताना कळलं की ज्याला घरात कधी एक डाव जिंकू दिलेला नाही तो असंच करणार, प्रत्येक सुटकेचा सण. ब्रेट आधी मारतच नाही, नुसता पकडतो, दाबतो, सोडतो, मोठा भाऊ धाकट्याला आवरतो तसा, आणि ओवन कानफटात देतो तेव्हा कुठं त्याचा चेहरा बदलतो. मग ब्रेट दोरीवरून बाहेर उडी घेतो, गुडघ्यावर चुकीचा पडतो आणि इथून पुढं ओवन त्या गुडघ्याला सोडत नाही. पाय मुरगळतो, पायावर बसतो, ब्रेटचाच शार्पशूटर ब्रेटलाच लावतो. आणि ब्रेट तो उलटवून त्यालाच लावतो, ओवन कसाबसा दोरीपर्यंत पोचतो.

शेवट तर मला शब्दात मांडायला अवघड आहे पण प्रयत्न करतो. ब्रेट ओवनच्या खांद्यावर चढतो, तिथून पुढं झुकून त्याला गुंडाळायचा डाव, जो त्यानं शंभर वेळा केलाय. ओवन फक्त खाली बसतो. बस. कुठलाही नवीन डाव नाही, वजन खाली टाकतो आणि ब्रेट स्वतःच्याच डावात पाठीवर, दोन्ही खांदे टेकलेले, एक दोन तीन. बाहेरचा हस्तक्षेप नाही, खुर्ची नाही, रेफ्रीची नजर चुकवून काही नाही. स्वच्छ चितपट.

आमचे आजोबा तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यांना हे सगळं थोतांड वाटायचं, "लाल मातीचा वास नाही ती कसली कुस्ती" म्हणायचे आणि पेपर तोंडासमोर धरायचे. पण ही मॅच लागली की पेपर खाली यायचा. एकदा म्हणाले, "ठरवून असंल, पण पोरांना शिकवलंय कुणीतरी". आणि खरंच शिकवलेलं होतं. वडील स्टू हार्ट, कॅलगरीतल्या घराच्या तळघरात त्यांची तालीम, तिला डंजन म्हणायचे, सगळी पोरं तिथं चटईवर रगडून निघालेली. आजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी नुसत्या पाय धरण्यावरून ओळखलं.

मधल्या मॅचेस पटापट. बॅम बॅम बिगेलो आणि लूना विरुद्ध डोइंक जोकर आणि त्याचा छोटा डिंक, पोरांसाठी आहे, लेकीला दाखवीन. रँडी सॅव्हेज विरुद्ध क्रश, यात कुठंही पाडलं तरी चालतं पण ज्याला पाडलं त्यानं साठ सेकंदात रिंगमध्ये परत यायचं, सॅव्हेज शेवटी त्याला आत नेऊन उलटा टांगतो म्हणजे परत येणार कुठून. नियम विचित्र पण सॅव्हेजसाठी बघा, रेसलमेनियामधली त्याची ही शेवटची मॅच. बायकांच्या मॅचला तीन साडेतीन मिनिटं दिलीत, अलुंड्रा ब्लेझसारख्या खेळाडूला तीन मिनिटं, याचा मला परवा खरंच राग आला. अर्थक्वेकची मॅच अर्ध्या मिनिटात खलास.

योकोझुना विरुद्ध लुगर ही रात्रीची सगळ्यात रटाळ मॅच. योकोझुना जपानी सुमो म्हणून दाखवायचे पण माणूस सामोअन घराण्यातला, वजन अडीचशे किलोच्या पुढं, आणि त्या वजनाला तो जे हलायचा ते आजही बघून थक्क व्हायला होतं. पण इथं तो लुगरच्या खांद्याची नस दाबून बसतो आणि बसूनच राहतो. लुगर मॅच जिंकल्यात जमा असतो, खाली दाबलेला असतो, पण रेफ्री असतो मिस्टर परफेक्ट नावाचा कुस्तीगीर, तो मोजतच नाही, लुगर त्याला ढकलतो आणि बाद. ज्या माणसाला आधीच्या उन्हाळ्यात एवढं वर चढवलं, लढाऊ जहाजावर योकोझुनाला उचलून आपटवलं, त्याला असं घरी पाठवलं. लुगर मला कधी आवडला नाही तरी वाईट वाटलं.

आणि मग शिडी. रेझर रमोन विरुद्ध शॉन मायकल्स, बेल्ट दोन. शॉनकडून बेल्ट काढून घेतलेला, पण रिंगमध्ये तो हरलेला नव्हता म्हणून तो जुना बेल्ट घेऊन परत आला आणि म्हणाला खरा मीच, इकडं रेझरकडे नवीन, म्हणजे एका वतनावर दोन शिक्के, पुण्याच्या माणसाला हे समजवायला लागत नाही. दोन्ही बेल्ट वर टांगले, शिडी लावून जो काढेल त्याचे. शिडीची मॅच कंपनीत आणली ब्रेटनं, कॅलगरीतून, आणि दोन वर्षं आधी शॉनबरोबर स्वतः एक खेळलापण होता, म्हणजे इथंही हार्ट घरच.

शॉन मायकल्सनं या मॅचमध्ये शिडीला तिसरा खेळाडू केलाय. ती फेकतो, तिच्यावरून घसरतो, तिच्यावर आपटतो, आणि तो एक क्षण जो आम्ही कॅसेट थांबवून बघायचो, शिडीच्या वरून सगळं अंग पसरून रेझरवर उडी, आणि शिडी मागं डुगडुगतेय. आजच्या शिडीच्या मॅचमध्ये वीस फुटांवरून टेबलं फोडतात, पण तिथं शिडी ही उडी मारायची जागा असते. इथं शिडी चढणं हेच अवघड आहे, प्रत्येक पायरीला दम लागतो, आणि वर पोचलेल्याचा हात बेल्टपासून वीतभर लांब असतो तेव्हा छातीत धडधडतं, शेवट पाठ असूनसुद्धा. शॉन दोरीत पाय अडकून लटकतो, रेझर वर चढून दोन्ही बेल्ट ओढतो. कुस्तीवर लिहिणारा पत्रकार डेव्ह मेल्टझर, त्यानं पाच स्टार दिलेली डब्ल्यूडब्ल्यूएफची ही पहिली मॅच. दादा आणि मी माळ्यावरची शिडी खाली काढून हे करायला गेलो होतो, त्याचं वर्णन नको, आईनं शिडी वर्षभर शेजारी ठेवली.

लोक या शोचं नाव काढलं की शिडीच म्हणतात. मी म्हणीन पहिली मॅच. शिडीच्या मॅचमध्ये दोन जण बेल्टसाठी भांडतायत, पहिल्या मॅचला बेल्टच नाहीये.

शेवटची मॅच, ब्रेट विरुद्ध योकोझुना, रॉडी पायपर रेफ्री. वर्षभर आधीच्या रेसलमेनियात योकोझुनानं ब्रेटकडून बेल्ट घेतला आणि काही मिनिटांत होगन येऊन २२ सेकंदांत तो घेऊन गेला, ब्रेट नुसता बघत राहिलेला, त्याची ही भरपाई. ब्रेट लंगडतच येतो, सकाळचं दुखणं रात्रीपर्यंत वागवावं तसं, ओवननं मुरगळलेला पाय या मॅचभर त्याच्याबरोबर आहे. दहा-साडेदहा मिनिटं, योकोझुना कोपऱ्यात दोरीवर चढतो, त्याच्या छातीवर बसायला, तोल जातो, मागं पडतो, ब्रेट पाय धरतो, एक दोन तीन.

आणि इथं माझी सनई वाजायची.

परवा पहिल्यांदा पुढचं बघितलं, मुद्दाम आवाज वाढवून. लुगर येऊन हात मिळवतो, रेझर येतो, सॅव्हेज येतो, सगळे मिळून ब्रेटला खांद्यावर उचलतात, गार्डन डोक्यावर घेतलंय लोकांनी. आणि कॅमेरा वळतो तर वाटेत ओवन उभा. येत नाही, जात नाही, नुसता बघतोय. त्याच रात्री त्यानं या माणसाला स्वच्छ पाडलंय. बेल्ट ब्रेटकडे, खांदे ब्रेटला, आणि ज्यानं त्याला हरवलं तो वाटेत. ब्रेटलापण तो दिसतो.

मला एकदम जानेवारी २०२० चं बालेवाडी आठवलं. महाराष्ट्र केसरीची फायनल, हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही काका पवारांच्याच तालमीतले, एका वस्तादाचे दोन पठ्ठे. सदगीर जिंकला आणि त्यानं शेळकेला खांद्यावर घेऊन मिरवलं, गदा नंतर. आम्ही टीव्हीवर बघत होतो, आजोबा असते तर त्यांनी उठून टोपी सारखी केली असती. गार्डनमध्ये तसं कुणाला सुचलं नाही, सुचू द्यायचंच नव्हतं, कारण पुढची सगळी गोष्ट त्या वाटेतल्या ओवनवर चालणार होती, उन्हाळ्यात पिंजऱ्यातली मॅच आणि सगळं. हे कळतं. तरी बघताना घशाशी आलं, कारण त्यानंतर ओवनला कंपनीचा तो मोठा बेल्ट कधीच मिळाला नाही, आणि मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत एन्ट्रीसाठी वरून खाली येताना पडून तो गेला. ३४ वर्षांचा होता. योकोझुनापण पुढच्या वर्षी गेला, तोही ३४ चाच.

टीव्ही बंद केला, चहा गार झालेला. रात्री दादाला फोन लावला, तो बंगलोरला असतो, म्हटलं दादा, रेसलमेनिया टेन पूर्ण बघितला आज, लग्नाच्या आधीपर्यंत नाही, पूर्ण. त्याला लगेच कळलं. म्हटलं, ओवन वाटेत उभा राहून बघत असतो शेवटी, आपल्याला माहीतच नव्हतं, आणि ऐक, ओवननं तुला त्या दिवशी एकदम फेअर हरवलंय.

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझा गुडघा दुखत होता रे".