तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या डोंगरांत लॅटिनो (स्पॅनिशभाषक वारशाचे) लोक का दिसत नाहीत?

पुण्या-नाशिकहून आमच्याकडे, अल्बुकर्की शहरात, येणारे पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात, आणि विचारणारा बहुतेक वेळा सह्याद्री पालथा घातलेला असतो. "तुमच्या अल्बुकर्कीत निम्मी वस्ती लॅटिनो, मग डोंगरात सगळे गोरेच कसे? या लोकांना निसर्गाची आवड नाही का?"

आहे. तुम्ही त्यांना शोधताय ती जागा चुकतेय. सांदिया डोंगराच्या ला लूझ वाटेवर, हातात दोन काठ्या घेऊन तरातरा चढणाऱ्यांची मोजदाद केलीत तर तुम्हाला वाटतं तसंच दिसणार. रविवारी दुपारी रिओ ग्रांदेच्या काठी जाऊन बघा. कॉटनवुडच्या सावलीत पणजीपासून तान्ह्या पोरापर्यंत अख्खं गोत जमलेलं असतं. जाळीवर मांस भाजत असतं, कोणीतरी गळ टाकून बसलेलं असतं. अमेरिकेतल्या कित्येक जुन्या उद्यानांत जेवणाची टेबलं चौकोनी कुटुंबाच्या मापाची आहेत, तिथे वीस जणांनी बसायचं कुठे? शिवाय उद्यानांची राखण करणाऱ्या रेंजरचा हिरवट गणवेश सीमेवरच्या पोलिसांच्या गणवेशासारखा दिसतो. ज्यांच्या घरात एखाद्याचे कागद अपुरे आहेत, ते लोक अशा गणवेशापासून चार हात लांबच राहतात.

पण पाहुण्यांच्या प्रश्नाला एक शेपूट असतं: "निसर्ग राखायच्या कामातही हे दिसत नाहीत." यावर मात्र मी चहा पुन्हा आधणावर ठेवतो.

न्यू मेक्सिकोत ‘असेकिया’ म्हणजे गावाच्या सामायिक मालकीचे मातीचे पाट. असे सुमारे ७०० पाट आजही आहेत. स्पॅनिश वसाहतवाले १५९८ मध्ये इथे आले आणि त्यांनी ही पद्धत आणली. (इथले मूळ रहिवासी प्यूब्लो लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथे शेती करत होते आणि या वसाहतवाल्यांनी त्यांच्या जमिनी बळकावल्या, हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फारच गोड होते.) प्रत्येक पाटाला एक मायोर्दोमो नेमलेला असतो. पाण्याच्या पाळ्या तो लावतो आणि भांडणंही तोच मिटवतो. धुळ्याकडची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना पाटकरी आठवेल. वसंतात पाणी सोडण्याआधी सगळे हिस्सेदार फावडी घेऊन गाळ काढतात. स्वतःला जमत नसेल तर गडी पाठवायचा किंवा त्याचे पैसे भरायचे. पाऊस-बर्फ कमी झालं तर तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. पाट मातीचे, म्हणून पाणी झिरपतं. इंजिनियर मंडळींना ही निव्वळ नासाडी वाटत आली आहे, पण त्याच ओलाव्यावर काठची झाडं आणि पाखरं जगतात, विहिरी भरतात, आणि बरंचसं पाणी जमिनीखालून पुन्हा नदीला मिळतं.

मग सरकारी जंगलाशी या असेकियावाल्या लॅटिनो गावांचं वाकडं का? हा मुलुख तेव्हा मेक्सिकोचा होता. युद्धात हरलेल्या मेक्सिकोशी अमेरिकेने १८४८ मध्ये तह केला आणि इथल्या लोकांची मालमत्ता राखण्याचं वचन दिलं. गावांना जुन्या स्पॅनिश आणि मेक्सिकन राजवटींनी सनदा देऊन मोठमोठी सामायिक रानं दिली होती. चराई आणि सरपण तिथलं. १८९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सँडोव्हल खटल्यात ठरवलं की ही रानं गावाची नव्हेत, सरकारची. चामा नदीवरच्या सान होआकिन सनदेचा दावा पावणेपाच लाख एकरांच्या आसपास होता; मान्य झाले जेमतेम १४०० एकर. असं बरंच रान पुढे कार्सन आणि सांता फे या राष्ट्रीय वनांत गेलं. पणजोबा जिथून लाकूड आणायचे तिथे नातवाला परवाना काढावा लागू लागला. १९६६ मध्ये या सनदी जमिनी परत मागणारे पुढारी रेयेस लोपेझ तिहेरिना आणि त्यांच्या साथीदारांनी कार्सन वनातल्या एको अँफिथिएटर या जागेवर ताबा सांगितला, दोन रेंजर धरले आणि त्यांच्यावरच घुसखोरीचा खटला चालवला! तिहेरिनांच्या सगळ्याच मार्गांचं मी समर्थन करणार नाही. पण ‘जंगल वाचवा’ हे शब्द तिथल्या म्हाताऱ्यांच्या कानाला गोड का लागत नाहीत, हे मला कळतं.

म्हणूनच २०१३ ची घोषणा मला महत्त्वाची वाटते. ताओसजवळच्या रिओ ग्रांदेच्या खोल घळीला आणि भोवतालच्या पठाराला, सुमारे २ लाख ४२ हजार एकरांना, ओबामांनी राष्ट्रीय स्मारकाचा, म्हणजे संरक्षित सरकारी जमिनीचा, दर्जा दिला. त्या घोषणेत सरपण आणि पिन्योन या झाडाच्या खाण्याच्या बिया गोळा करण्याच्या जुन्या वहिवाटीची दखल घेतलेली आहे. हे संरक्षण मागणाऱ्यांत गुरं पाळणारे आणि असेकियावाले स्थानिकही होते. इकडे अल्बुकर्कीच्या दक्षिण अंगाला, कारखान्यांच्या प्रदूषणाने गांजलेल्या वस्तीशेजारी, एका जुन्या दूधडेअरीच्या जागेवर २०१२ मध्ये वाये दे ओरो अभयारण्य झालं. शेजारची वस्ती त्यासाठी झटली.

नव्या पिढीचं फिरणंही वाढतंय. कॅलिफोर्नियातल्या होसे गोन्झालेझ नावाच्या शिक्षकाने २०१३ च्या सुमारास ‘लॅटिनो आउटडोअर्स’ सुरू केलं. घरच्यांना सोबत घेऊन निघायचं, ही त्यांची पद्धत. न्यू मेक्सिको राज्याने २०१९ मध्ये गरीब घरच्या मुलांना डोंगर-नदीवर नेण्यासाठी निधीच काढला.

माझी काळजी वेगळीच आहे. शहरांना पाणी हवंय आणि पाटांवरचे पाणीहक्क विकत घेतले जातात. २००३ च्या कायद्याने हक्क असे बाहेर जात असतील तर ते अडवायचा अधिकार असेकियांना मिळाला, पण त्यासाठी पाटाचा कारभार जागता लागतो, नियमावली लागते, बैठकीला माणसं लागतात. तरुण हिस्सेदार नोकरीसाठी अल्बुकर्की किंवा डेन्व्हरला. गाळ काढायला साठी-सत्तरीतले. पुढच्या वेळी येणार असाल तर मार्चमध्ये या. उत्तरेकडच्या एखाद्या गावात ओळख काढून ठेवतो. फावडं तिथे मिळेल, हातमोजे मात्र स्वतःचे आणा.