मुसांडा, केवडा आणि कपाशीचा रिपोर्ट

माती परीक्षणाच्या फॉर्मवर 'पिकाचे नाव' असा एक रकाना असतो. त्यात 'मुसांडा' लिहिता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्याचे हेलपाटे तरी वाचतील.

मी चोपड्याला राहते. घरासमोर पूर्वेच्या अंगाला थोडी मोकळी जागा आहे, तिथे लाल मुसांडा लावायचा हे माझं जुनं खूळ. कोकणात बहिणीकडे हे झाड माणसापेक्षा उंच झालेलं पाहिलं होतं. लांबून लालभडक दिसतं ते त्याचं फूल नव्हेच. फुलाखालच्या पाच निदलांपैकी एकच निदल पानाएवढं मोठं होतं आणि मखमलीसारखं लाल दिसतं. खरं फूल मधे असतं, पिवळट पांढरं, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, पोटात लाल ठिपका. आपल्या सह्याद्रीतला भूतकेस याचाच भाऊबंद, फक्त त्याचं ते 'पान' पांढरं असतं. लाल मुसांडा मात्र मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथल्या ओल्या, दमट जंगलात, पानांच्या कुजीने आंबट झालेल्या मातीत वाढणारा. आणि आम्ही त्याला आणलं तापीकाठच्या काळ्या मातीत, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो.

उन्हाचं विचाराल तर ऊन हा मुळीच प्रश्न नव्हता, लोक उगाच घाबरवतात. सकाळचं ऊन मिळू द्यायचं, दुपारी बाराच्या पुढे सावली. मार्च संपला की पन्नास टक्क्यांची हिरवी नेट बांधायची. पानांच्या कडा थोड्या करपतात, झाड मरत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडली की पानं गळतात, तेव्हाही झाड उपटून टाकू नका. फांदीवर नख घासून बघा, आत हिरवं असलं तर जिवंत आहे. त्या दिवसांत पाणी कमी करायचं, एवढंच. पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण बसला तर निमतेल आणि साबणाचं पाणी पुरतं.

प्रश्न आला तो पिवळेपणाचा.

रोप नर्सरीतून आणलं तेव्हा हिरवंगार होतं. काही महिने तसंच राहिलं, पावसाळ्यात फुललंही. मग शेंड्याची नवी पानं पिवळी यायला लागली. कशी, तर शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग फिका, अगदी लिंबाच्या सालीच्या रंगाचा. हिरव्या शाईने जाळी काढावी तशी. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. पुढची पानं आणखी लहान, आणखी फिकट, शेवटी जवळजवळ पांढरी आणि कडेने जळकी.

आता सल्ले सुरू झाले. एक म्हणे पाणी जास्त होतंय, दुसरी म्हणे कमी होतंय. नर्सरीवाला म्हणाला युरिया टाका. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ खताची पुडी हातात ठेवली. शेजारच्या काकूंनी ताकात गूळ घालून ओतायला सांगितलं, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्यांत काकूंचाच उपाय निरुपद्रवी होता. माझ्या डोक्याचा मात्र भुगा झाला होता. म्हटलं, अंदाजपंचे पुरे झालं, माती तपासून घेऊ. सरकारने २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका सुरू केलीय, शेतकरी माती तपासतात, मग आपण का नाही?

नमुना घ्यायची पद्धत सोपी आहे. वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. असे तीन-चार ठिकाणांहून घेऊन एकत्र करायची, सावलीत वाळवायची आणि अर्धा किलो पिशवीत भरायची. नुकतंच खत टाकलं असेल तिथली घेऊ नका. हे मी सगळं नीट केलं.

मग माती परीक्षण प्रयोगशाळेची खिडकी. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "गट नंबर?"

म्हटलं, घराचं अंगण आहे, सिटी सर्व्हे नंबर आहे.

"क्षेत्र?"

"दहा बाय बारा फूट."

त्याने पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. "ताई, हेक्टरमधे सांगा."

मी मनातल्या मनात भागाकार करू लागले, तेवढ्यात त्याने पुढचा प्रश्न टाकला. "पीक?"

"मुसांडा."

"ते काय?"

"फुलझाड आहे. शोभेचं."

"यादीत नाही. मागचं पीक काय होतं?"

मागचं पीक! तिथे आधी आमची स्कूटर उभी असायची. हे बोलले नाही, पण ओठांवर आलं होतं. रांगेत मागे उभे असलेले एक बाबा कंटाळून म्हणाले, "कपाशी लिही ना भो, आमले बी जाऊ दे." आणि त्याने खरंच कपाशी लिहिलं. गट नंबरच्या जागी सिटी सर्व्हे नंबर टाकला आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मशीन बंद. त्याच्या पुढच्या आठवड्यात मशीन चालू, पण मॅडम ट्रेनिंगला. मग नमुने जास्त आलेत. मग रिपोर्ट झालाय पण सही राहिलीय. माझं झाड तोवर इतकं फिकट झालं होतं की संध्याकाळी लांबून फुललंय असं वाटायचं. मी वैतागून एकदा विचारलंच की सहीसाठी पेन आणून देऊ का. त्यावर तो हसला. रिपोर्ट काही त्या दिवशीही मिळाला नाही.

शेवटी मिळाला. सामू, म्हणजे पीएच, ८.३. क्षार सर्वसाधारण. सेंद्रिय कर्ब मध्यम, स्फुरद कमी, पालाश भरपूर. काळ्या मातीत पालाश भरपूरच असतो. लोह: पुरेसे. खाली मोठ्या चौकटीत शिफारस: कपाशी, बागायती, हेक्टरी इतकं नत्र, इतकं स्फुरद, इतकं शेणखत. दहा बाय बारा फुटांच्या जागेसाठी.

तो कागद मी कृषी केंद्रात नेला तर त्यांनी लोहावर बोट ठेवलं. "बघा, पुरेसं आहे. लोहाची अडचणच नाही." इथे मी खरंच चिडले, कारण झाड दुसरंच काही सांगत होतं. जुनी पानं हिरवी आणि नवी पिवळी, शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय हे कुठल्याही कृषिदर्शनीत असतं. भुईमुगावर आणि उसावर याच दुखण्याला आपल्याकडे केवडा म्हणतात.

उलगडा केला तो गल्लीतल्या आप्पांनी. त्यांची लिंबाची बाग आहे. ते अंगणात आले, झाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मातीचं एक ढेकूळ उचललं. त्यात तांदळाएवढे पांढरट खडे होते. बागेतल्या ठिबकच्या नळ्या धुवायला ते अॅसिड वापरतात, ते पातळ करून बाटलीत आणलं होतं. दोन थेंब ढेकळावर टाकले. फस्स करून फेस आला, बारीक बुडबुडे कडेपर्यंत पसरले आणि विरले. "मातीमा चुना शे, ताई," ते म्हणाले. "खत टाकीसन काय व्हई?"

तर गोष्ट अशी. आमच्या मातीत लोह आहेच, पण चुना आणि चढा सामू यांमुळे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. मुळांना घेता येत नाही. प्रयोगशाळा ज्या द्रावणाने लोह काढून मोजते त्यात ते थोडंफार निघतं आणि साडेचार पीपीएमच्या वर गेलं की कागदावर 'पुरेसे' छापून येतं. कपाशीला चालतं. मुसांड्याला नाही. याच कुळातल्या अनंताचं आणि एक्झोराचंही तेच, त्यामुळे तुमच्याकडे अनंत पिवळा पडत असेल तर हे सगळं त्यालाही लागू. त्यात आमचं बोअरचं पाणी जड, म्हणजे रोज पाण्यातूनही थोडा चुना घालायचा. आणि रोप पहिले काही महिने हिरवं का होतं? नर्सरीतली बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून येतात, लाल मातीच्या गोळ्यासकट. मुळं त्या गोळ्यात होती तोवर मजेत होती.

हो, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लावू नका. प्लास्टरचा चुना मुळाशी उतरतो. सिमेंटची कुंडीही नको, मातीची किंवा प्लास्टिकची घ्या.

औषध काय, तर पुन्हा कृषी केंद्र. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं लोह, मागितलं तर १२ टक्केवालं दिलं. मी ६ टक्केवालं मागत होते. काउंटरवरचा मुलगा समजावू लागला, "ताई, बारा टक्के आहे, स्वस्त पण आहे, सहा टक्केवालं महाग कशाला घेता?" हिशोब बरोबर, फक्त १२ टक्केवाल्यात लोह बांधणारा पदार्थ ईडीटीए असतो आणि साडेसहाच्या वर सामू गेला की मातीत तो लोह सोडून देतो. आमच्या ८.३ मधे ते म्हणजे पैसे नाल्यात. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत टिकतं. चुनखडीच्या जमिनीत टिकतं ते ईडीडीएचए, त्यात लोह ६ टक्केच असतं. पुडीवर 'ऑर्थो-ऑर्थो' लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. आमच्या दुकानात नव्हतंच, आप्पांनी जळगावहून आणून दिलं.

ती गडद पूड पाण्यात टाकली की पाणी जांभळट लाल होतं. पांढऱ्या फरशीवर सांडलं तर डाग जाता जात नाही, माझी पायरी साक्षीला आहे. उन्हात ते खराब होतं म्हणून संध्याकाळी, ओल्या मातीत, मुळाशी ओतायचं आणि वर पालापाचोळा पसरायचा. पानांवर फवारायचं नाही. फवारायला साधं हिराकस (फेरस सल्फेट) चालतं, लिटरला तीन ग्रॅम आणि चिमूटभर लिंबूसत्त्व, तेही ऊन उतरल्यावर. पण हिराकस मातीत टाकू नका, आमच्या मातीत त्याचा गंज होतो. गंधकाचं बरेच जण सांगतात. कुंडीत ठीक आहे, सावकाश का होईना सामू उतरतो. पण चुनखडीच्या जमिनीत गंधक टाकून माती आंबट करणं म्हणजे मिठाचा खडा टाकून तापी खारट करणं.

पंधरवडा उलटायच्या आत शेंड्याला हिरवं पान आलं. मी ते पान घरात सगळ्यांना नेऊन दाखवलं, म्हणजे सगळ्यांना अंगणात ओढत नेलं. जुनी पिवळी पानं पुरती सुधारत नाहीत, त्यांची वाट बघू नका. नवी बघा.

आता वर्षातून दोनदा हा डोस देते, एक पावसाळ्याच्या तोंडाशी आणि एक दिवाळीनंतर. झाडाभोवतीची काळी माती काढून लाल माती, पानकुजी, कोकोपीट भरलंय, आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी ड्रममधे साठवून उन्हाळ्यात थोडंथोडं त्यालाच घालते. छाटणी फेब्रुवारीत, थंडी सरली की. फुलं नव्या फुटव्यावर येतात, तेव्हा हात आखडू नका. लाल मुसांड्याची काडी सहजासहजी मुळं धरत नाही. गुटी बांधा, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटू द्या, पावसाळ्यात चांगली साधते. गुलाबी, पाचही निदलं मोठी असलेले मुसांडे मिळतात, ते बहुतेक फिलिपाइन्समधल्या लॉस बान्योसच्या संकरांमधून आलेले. ते दिसायला भरगच्च, पण केवडा त्यांनाही येतो.

मधे पुन्हा माती दिली होती. या वेळी खिडकीत सरळ 'लिंबू' सांगितलं आणि मुक्त चुना तपासून हवाय म्हटलं. फळबाग म्हटल्यावर त्याने एक अक्षर न बोलता पावती फाडली. चुना ११ टक्के निघाला. लिंबाला १० च्या वर नको म्हणतात, म्हणून शिफारशीत लिहून आलंय: सदर जमीन फळबागेस अयोग्य, कपाशी घ्यावी.