आटलेला खांदा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढताना उजव्या खांद्यात कळ आली आणि मी तिचं खापर डब्यांवर फोडलं. महिन्याभरात त्या कुशीवर झोपता येईना. ठाण्याहून दादरपर्यंत लोकलमधली वरची कडी धरायची तर डाव्या हाताने, उजवा नुसता पर्सवर. डब्यातल्या मैत्रिणींचं निदान तयारच होतं : "मानेचं असणार, पट्टा लाव."

पुढचे तीन महिने मी वाया घालवले. स्टेशनजवळ एका ठिकाणी पंधरा सिटिंगचे पैसे एकदम भरले. रोज वीस मिनिटं शेक, मग मशीनचे गार, ओलसर पॅड आणि घरी. हात कुठपर्यंत जातो ते दाखवा, असं तिथे एकदाही कुणी म्हणालं नाही. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, नाही असं नाही. पण वेणी घालायला लेक लागतच होती. मधेच एका मालिशवाल्याने हात धरून असा हिसडा दिला की ती रात्र मी पलंगावर बसून काढली.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे स्वच्छ. मग त्यांनी स्वतः माझा हात धरून फिरवून पाहिला, तोही हलेना. म्हणाले, "स्नायू फाटला असता तर तुम्हाला उचलता आला नसता, पण मला उचलता आला असता. हा दोघांनाही दाद देत नाही. फ्रोझन शोल्डर." आणि लगेच, "शुगर कधी तपासली होती?" तपासलीच नव्हती. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 8.2 निघाला. म्हणजे मधुमेहच. मधुमेह असला की हे दुखणं जास्त आढळतं आणि सुटायलाही वेळ घेतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे डबे निर्दोष. खांद्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. त्याने काही दिवस शुगर चढेल असं आधीच सांगितलं होतं, म्हणून 240 बघून घाबरले नाही. घाबरले, पण कमी. आठवड्याभरात रात्रीची कळ मात्र उतरली.

फिजिओथेरपी गोखले रोडवर, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझा खांदाच होता म्हणून निभावलं. गुडघेवाले बिचारे प्रत्येक वळणावर थांबायचे. तिथली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. पहिल्या दिवशी तिने मशीन लावलंच नाही. गोनिओमीटर म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडाव्यात तसं काहीतरी. ते लावून हात बाजूने वर : 70 अंश. कोपर कुशीला चिकटवून पंजा बाहेर : 10. तिथे साधारण 60 ते 90 जायला हवा म्हणे. मी हात जरा जास्त वर करून दाखवला तर तिने पाठीमागून माझ्या फऱ्यावर अंगठा दाबला. "काकू, हा हात नाही वर जात, तुम्ही खांदा उचकताय."

नक्की झालंय काय, असं विचारल्यावर म्हणाली, "सांध्याभोवती एक पिशवी असते. ती सुजून जाड होते आणि आकसते. सुती ब्लाउज आटला की काखेत कसा धरतो? तसंच." एवढं सोपं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मशीनने तो ब्लाउज सैल होत नाही, रोज थोडा थोडा ताणावा लागतो, हेही मग आपसूक कळलं.

घरी दिवसातून तीनदा. ओट्याला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा लोंबता सोडून झुलवायचा. फ्रिजशेजारच्या भिंतीवर बोटांनी चढायचं आणि पोचेन तिथे पेन्सिलीची रेघ. पाठीमागून टॉवेल धरून वरच्या हाताने खालचा ओढायचा. आणि सगळ्यात नकोसा प्रकार : उताणं झोपून, कोपराखाली नॅपकिनची घडी, दोन्ही हातांत कपडे वाळत घालायची काठी, डाव्या हाताने ती ढकलत उजवा पंजा बाहेर न्यायचा. खांद्याच्या पुढून तार ताणल्यासारखं व्हायचं. व्यायाम करताना दुखलं तर चालेल, थोड्या वेळात शमलं पाहिजे. रात्रीची झोप उडाली तर दुसऱ्या दिवशी कमी करा, हा तिचा हिशेब. मालिशवाल्याच्या हिसड्यात नेमकं काय चुकलं होतं तेही त्यात आलं.

दीड महिना रेघा एकाच जागी. अहो म्हणाले, "भिंत तेवढी काळी होतेय." मग एकदा दोन बोटं वर. जूनमध्ये बाहेरचा कोन 35, गणपतीच्या सुमारास 55. हात वर 150. मखराच्या माळा मी स्वतः बांधल्या, स्टुलावर चढून का होईना. पाठीमागचा हूक सगळ्यात उशिरा जमला, नोव्हेंबरात. अजूनही रिक्षात मागच्या सीटवरची पिशवी झटकन ओढली की खांदा आठवण करून देतो. एचबीएवनसी आता दर तीन महिन्यांनी तपासते. मागच्या वेळी 6.9 होतं.

एक खांदा सुटल्यावर काही जणांचा दुसराही धरतो, असं त्या मुलीने निघताना सांगून ठेवलंय. त्यामुळे काठी अजून माझ्या पलंगाखालीच आहे, आणि अहो बाल्कनीत टाचा उंचावून कपडे वाळत घालतात.