तुम्ही विचारलेत म्हणून: स्वतः वापरता, मग आम्हाला का अडवता?

हा प्रश्न मला तास संपताना विद्यार्थी विचारतात, अभ्यासमंडळाच्या बैठकीनंतर सहकारी विचारतात, आणि अलीकडे तर नव्याने ओळख झालेले लोकही विचारू लागले आहेत: तुम्ही स्वतः एआय वापरता असे ऐकतो, मग विद्यार्थ्यांनी वापरले की तुमची हरकत का? मी ‘हो, वापरते’ असे म्हणून सुरुवात करते आणि पुढचे कोणी ऐकून घेत नाही, कारण विचारणाऱ्याला हवे ते तेवढ्यातच मिळालेले असते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पत्रव्यवहार, बैठकीच्या इतिवृत्ताचा कच्चा मसुदा, एकाच संकल्पनेवर कमी-अधिक काठिण्याचे प्रश्न, मला न येणाऱ्या भाषेतल्या लेखाचा कामचलाऊ अनुवाद, आणि (हे सांगताना मला बरे वाटत नाही) शिफारसपत्राचा सांगाडा, एवढ्या कामांसाठी मी एआय वापरते. उत्तरपत्रिका मी त्याच्याकडे देत नाही, आणि परीक्षणासाठी आलेले हस्तलिखित तर मुळीच नाही. दुसऱ्याचे अप्रकाशित लेखन माझ्याकडे विश्वासाने आलेले असते, ते परस्पर बाहेरच्या सेवेत टाकण्याचा मला अधिकार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून २०२३ मध्ये संशोधन-अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांना अशीच मनाई केली, तेव्हा मला दिलासा वाटला होता.

विद्यार्थ्यांना मी काय मना करते, तेही नीट सांगितले पाहिजे, कारण ‘मॅडमना एआय चालत नाही’ अशी माझी ख्याती झाली आहे. भाषा तपासून घ्यायला, न समजलेली संज्ञा पुन्हा समजावून घ्यायला, स्वतःच्या युक्तिवादावर आक्षेप मागवायला माझी ना नाही. पहिल्या वर्षाचे छोटे निबंध आणि संशोधनातले पूर्वसाहित्याचे पहिले वाचन, या दोन ठिकाणी मात्र मी नको म्हणते. हे का, ते एका प्रसंगाशिवाय मला सांगता येत नाही.

माझ्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रबंधाचे दुसरे प्रकरण वाचायला दिले. प्रकरण नीटनेटके होते, तिच्या आधीच्या लेखनापेक्षा बरेच सफाईदार. मध्यावर एका लेखाचा हवाला होता आणि तो लेख माझ्या नावावर होता. सहलेखक म्हणून जिचे नाव होते तिच्याबरोबर मी खरोखर लिहिले आहे, नियतकालिक खरे होते, वर्ष पटण्यासारखे होते, खंड आणि पृष्ठक्रमांकही दिलेले होते. शीर्षक माझ्या विचारांच्या इतके जवळचे होते की काही वेळ मला माझ्याच स्मरणशक्तीची शंका आली आणि मी स्वतःच्या प्रकाशनांची यादी उघडून पाहिली. त्यात तो लेख नव्हता. संदर्भात दिलेला डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडला, तर त्याच नियतकालिकातला, भलत्याच विषयावरचा, दुसऱ्याच कोणाचा लेख समोर आला. इकडे प्रकरणात माझ्या त्या न लिहिलेल्या लेखाचे निष्कर्ष चार वाक्यांत मांडलेले होते, आणि नमुना लहान असल्याबद्दल माझ्यावर सौम्य शब्दांत टीकाही केलेली होती. पुढचा सगळा युक्तिवाद त्या टीकेवर उभा होता.

मी तिला बोलावून विचारले की हा लेख तुला कुठे मिळाला. ती गोंधळून म्हणाली, “मॅडम, तुमचाच आहे ना?” तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. तिने एआयकडे सारांश मागितला होता, तो मिळाला होता आणि त्यावर माझे नाव असल्याने तिला तो अधिकच विश्वासार्ह वाटला होता. मी असा लेख लिहिलेलाच नाही हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने जे म्हटले ते आजही माझ्या डोक्यातून जात नाही: “पण मॅडम, तुम्ही हेच म्हणाला असतात.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. तो निष्कर्ष मी काढला असता, कदाचित इतक्या नेमक्या शब्दांत मला तो मांडताही आला नसता. पण तो काढण्यासाठी लागणाऱ्या मुलाखती कोणी घेतल्या नव्हत्या आणि टिपणे कोणी केली नव्हती. त्या वाक्यांखाली काम नव्हते. हे मी तिला सांगायला हवे होते असे लोक मला सांगतात. मी सांगितलेच की! तिने ऐकून घेतले आणि मग शांतपणे विचारले, “तुमची पत्रे तुम्ही त्यातूनच तयार करता ना?” इंग्रजीतला एकेक लेख वाचायला तिला अख्खा दिवस लागत असे आणि माझ्या टेबलावरची कामे झरझर हातावेगळी होताना ती पाहत असे. त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आम्ही दोघींनी मिळून पूर्ण संदर्भसूची तपासली. अस्तित्वातच नसलेले आणखी काही संदर्भ सापडले, पण ते पकडणे सोपे होते. खरी अडचण खऱ्या लेखांची होती: लेखक खरे, लेख खरा, आणि निष्कर्ष मात्र उलटा करून सांगितलेला. असे एक वाक्य तपासायला मूळ लेख पूर्ण वाचावा लागतो, म्हणजे जे काम टाळले तेच शेवटी करावे लागते. प्रकरण बाद झाले. काही महिन्यांनी तिने मार्गदर्शक बदलून मागितला. अर्जात विषयाचा रोख बदलल्याचे कारण दिले होते आणि मी त्यावर सही केली.

एआयमागच्या या भाषा-प्रतिमानांचे (मॉडेल्सचे) काम असेच चालते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याच्या हिशोबाने ती वाक्य रचतात. संदर्भालाही ठरावीक साचा असतो, त्यामुळे तो भरला की खरा दिसतो. नव्या आवृत्त्या इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात, म्हणून निव्वळ बनावट संदर्भ कमी झाले आहेत, पण उलटे निष्कर्ष अजून भेटतात.

माझी बाजू मी आजवर अशी मांडत आले: मला चूक ओळखता येते, कारण ते काम मी वर्षानुवर्षे हाताने केले आहे, विद्यार्थ्याला ती नजर अजून यायची आहे, आणि ती येण्याच्या वयातच त्याने काम दुसऱ्यावर सोपवले तर ती येणार कुठून? तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा प्रयोग मी यासाठी नेहमी पुढे करते. साधा चॅटबॉट दिलेल्या मुलांनी सराव ४८ टक्क्यांनी चांगला केला, आणि तो काढून घेतल्यावर परीक्षेत ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी कमी गुण मिळवले. याच प्रयोगाचा दुसरा भाग मी पूर्वी घाईने सांगत असे: उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना दिला, त्यांचे हे नुकसान बरेचसे टळले. म्हणजे दोष वापराच्या पद्धतीत होता, आणि पद्धत तर मीही शिकवू शकते. शिवाय ती शाळकरी मुले होती, आणि माझे संशोधक विद्यार्थी तिशीत आहेत.

अनुभवी माणसाला चूक दिसते, या माझ्या लाडक्या विधानाचेही फार खरे नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले न्यायनिवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. त्यांतला एक वकील तीस वर्षांपासून व्यवसायात होता. त्याने ‘हे खटले खरे आहेत का’ असे त्या यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता.

मग यंत्राचे लेखन पकडणारे सॉफ्टवेअर वापरा, असे सुचवणारे असतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच असे साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले होते. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्रलिखित मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर खोटा आळ घेत होते. जुलैमध्ये ते मागे घेतले गेले. असल्या अहवालावर मी कोणाचे वर्ष वाया घालवणार नाही. मी तोंडी परीक्षा घेते, स्वतः लिहिलेला परिच्छेद उलगडून सांगायला लावते. त्यात बुजऱ्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो आणि मोठ्या वर्गात ते जमतच नाही, हेही मला दिसते. एआय कसा वापरला याचे निवेदन जोडण्याचा नियम मी केला होता, तर ती निवेदनेही यंत्राकडूनच लिहून आली. सगळ्यांची भाषा एकच!

आणि आता ज्याविषयी मला कोणी विचारत नाही ते. संख्याशास्त्राची जी पद्धत मला नीट येत नाही, तिचा कोड मी एआयकडून लिहून घेते. तो चालतो, तक्ते येतात, आकडे पटण्यासारखे असतात. तिथे माझी ‘नजर’ कुठून आलेली असते? अशा एका शोधनिबंधाचा मसुदा माझ्याकडे पडून आहे, कारण त्यातला प्रत्येक टप्पा मला स्वतःला समजावून सांगता येईपर्यंत तो पाठवायचा नाही, असे मी ठरवले आहे. सहलेखक माझ्यावर नाराज आहेत. त्यांचे म्हणणे असे की पद्धत जाणणाऱ्या माणसानेही हाच कोड लिहिला असता आणि हेच आकडे आले असते, मग अडले कुठे?