घरातली दुपार

निवृत्तीनंतर पैशांचं कसं होईल, याचा विचार आम्ही खूप आधीपासून केला होता. दुपारचं काय करायचं, हे मात्र कधी मनातच आलं नाही. ह्यांचा जन्म ठाणे-सीएसएमटी लोकलमध्ये गेला. आता दिवसभर दोघं समोरासमोर! टीव्हीचा आवाज, पंख्याचा वेग, स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा... कशावरूनही शब्दाला शब्द लागतो.

आज ह्यांचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या झाला. फाइल बाहेर होतीच, म्हणून हे म्हणाले, "बस, सगळं एकदा समजून घे." ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं, 5 वर्षांची मुदत, दर तिमाहीला जमा होणारं व्याज, नॉमिनी कोण. इतक्या वर्षांच्या संसारात हे कागद मी पहिल्यांदा हातात घेतले. मग मीही ह्यांना गॅसचा नंबर लावायला शिकवलं आणि माझ्या गोळ्या कुठे असतात ते दाखवलं. दोघंही धडधाकट असतानाच हे प्रत्येक घरात व्हायला हवं, अगदी मनापासून सांगते.

संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना मी बोलले, की सकाळचा थोडा वेळ मला घरात एकटीला हवा असतो. ह्यांना वाईट वाटेल अशी धास्ती होती. पण हे लगेच म्हणाले, "अगं, मग मी उपवनला चालायला जात जाईन." आणि दुपारचा चहा यापुढे हेच करणार आहेत.

तुमच्याकडे दोघांची दुपार कशी जाते? नक्की लिहा.