मानधनाचा लिफाफा

येत्या 30 सप्टेंबरला कॅनडाचा सत्य आणि सलोखा दिन, म्हणजे निवासी शाळांत छळ सोसलेल्या मूलनिवासी मुलांच्या स्मरणाचा दिवस, आहे. त्याच्या तयारीसाठी आमच्या ओंटारिओतील कॉलेजात आज बैठक झाली. मूलनिवासी संबंध विभागाच्या प्रमुख बाई, ज्या स्वतः अनिशिनाबे या मूलनिवासी समाजाच्या आहेत, आम्हा हिशेब विभागातील लोकांशी प्रथमच सविस्तर बोलल्या.

त्यांच्या समाजातील ज्येष्ठांना आमंत्रण देताना तंबाखू अर्पण करतात आणि मानधन त्याच दिवशी हातात ठेवतात, कारण तो ज्ञान देणाऱ्याचा मान असतो. आमच्याकडे मात्र त्यांनी आधी पुरवठादार म्हणून नोंदणी करायची, बिल द्यायचे आणि वाट पाहायची! गेल्या वर्षी एका आजींना सहा आठवडे थांबावे लागले. तो कागद माझ्याच टेबलावर पडून होता, याची मला आज मनापासून लाज वाटली.

ज्या देशात दीड लाखांहून अधिक मूलनिवासी मुलांना निवासी शाळांमध्ये ठेवून त्यांची भाषा तोडली गेली, तिथे संस्थेच्या कागदाबद्दल अविश्वास असणे स्वाभाविकच आहे. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये केलेल्या 94 आवाहनांपैकी सोळावे, महाविद्यालयांनी मूलनिवासी भाषांचे पदवी-पदविका अभ्यासक्रम सुरू करावेत असे सांगते. पण ती भाषा शिकवणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही कसे वागवतो, हे मला त्याहून आधीचे काम वाटते.

संध्याकाळी थांबून मी त्याच दिवशी मानधन देण्याच्या पद्धतीचा एक पानी मसुदा लिहिला. उद्या तो आधी बाईंना दाखवणार आहे.